शाळेच्या गच्चीवरून राखलेलं आकाश

डिसेंबर १९७१ मध्ये मी पिंपळगाव बसवंतला शाळेत विज्ञान शिकवत होतो. दिवसा वर्ग घ्यायचा आणि रात्री त्याच शाळेच्या गच्चीवर बसून आकाश राखायचं. अनोळखी विमान ऐकू आलं किंवा दिसलं की खाली फोनजवळ बसलेल्याला नेमक्या शब्दांत सांगायचं, एवढंच आमचं काम होतं. पगार नव्हता, गणवेश नव्हता. शिक्षक, पोस्टातले कर्मचारी, दोन-तीन दुकानदार, कॉलेजात जाणारी पोरं आणि बरेचसे शेतकरी, अशी आमची मंडळी होती.

आमच्याच गावात ही राखण का, हे नकाशा पाहिला की कळतं. पिंपळगावच्या नैऋत्येला ओझर. तिथं १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आणि धावपट्टी. त्यापुढे नाशिक, नाशिकरोडचे नोटा छापणारे छापखाने, देवळालीचं तोफखान्याचं केंद्र, एकलहऱ्याचं नवं वीज केंद्र. शत्रूनं महाराष्ट्राच्या आत कुठं यायचं ठरवलंच, तर मुंबईनंतर त्याची नजर इकडे वळेल, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्ताननं अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, जोधपूर अशा अनेक विमानतळांवर हल्ले केले. आग्र्यावरही बॉम्ब पडले. मध्यरात्रीनंतर रेडिओवर इंदिराबाईंचं भाषण झालं आणि गाव झोपलंच नाही. त्याआधीच नोव्हेंबरात आमची तालीम सुरू झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आम्हाला शिकवायला गावातलेच एक निवृत्त सुभेदार होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी पहिल्या दिवशी विमानांच्या काळ्या आकृत्यांचा तक्ता भिंतीला टांगला. सेबरचे पंख मागं झुकलेले. मिराज त्रिकोणी पंखांचं, मागं आडवी शेपटी नाही. आमचं मिग २१ सुद्धा त्रिकोणी पंखांचंच, पण त्याला आडवी शेपटी आहे. स्टारफायटरचे पंख अगदी आखूड. आणि बी-५७ हे दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. या शेवटच्या आकृतीवर बोट ठेवून आबा थांबले. "हे मूळचं इंग्रजांचं कॅनबेरा. अमेरिकेनं त्यावरून बी-५७ बनवलं, ते पाकिस्तानकडं गेलं. अन् कॅनबेरा आपल्याकडंबी आहेत, पुण्याहून उडतात. आता सांगा, रात्री वरून गेलं तर आपलं का त्यांचं, कसं ओळखणार?"

कुणी उत्तर दिलं नाही. आबा म्हणाले, "ओळखायचंच नाही. आपलं का परकं, ते ठरवणारे दुसरे आहेत. तुम्ही सांगायचं किती, कुठून, कुठं, उंच का खाली, अन् किती वाजता. बास."

गच्चीवरचं सारं काम या बासमध्ये आलं होतं. माणसाला जे दिसतं त्यापेक्षा जे वाटतं ते सांगायची घाई असते. "शत्रूचं विमान आलं" असं कुणी ओरडलं तर त्यात माहिती काहीच नसते. "एक विमान, दिसलं नाही, ऐकलं, आवाज धोडपच्या बाजूनं चांदवडकडे गेला, उंच, एक वाजून दहा" यात सगळं असतं. आबा पोरांकडून हे वाक्य घोकून घेत. दिवसा मिगची चाचणी उड्डाणं चालत, त्यांवर सराव होई. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

दिशा पक्क्या करायला आम्ही डोंगर वापरले. सातमाळ्याची रांग उत्तरेला आडवी पसरलेली आहे. धोडपचा सुळका आणि त्याच्या कड्यातली खाच लांबून ओळखू येते, ती आमची उत्तर. त्याच्या डावीकडे सप्तशृंग गड, उजवीकडे ईशान्येला चांदवडचे डोंगर, पश्चिमेला दिंडोरी. दिवसा होकायंत्र घेऊन मी गच्चीच्या कठड्यावर चुन्यानं रेघा मारल्या आणि शेजारी डोंगराचं, गावाचं नाव लिहिलं. अंधारात पोरं कठड्यावरून हात फिरवत, पाण्याच्या टाकीपासून रेघा मोजत आणि आवाज कुठल्या रेघेवर आहे ते सांगत. कराची आमच्यापासून वायव्येला. म्हणजे वणी आणि दिंडोरी यांच्या मधल्या आकाशावर सगळ्यात जास्त लक्ष.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट समजावून सांगावी लागली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज आपल्याला अर्ध्या मिनिटानं ऐकू येतो. ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं जेट तेवढ्यात सात किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज जिथून येतो तिथं विमान नसतं, ते त्याच्या बरंच पुढं शोधायचं. वर्गातली पोरं हे गणित परीक्षेपुरतं करत. गच्चीवर मात्र अंगठा पुढं धरून, आवाजाच्या पुढची जागा डोळ्यांनी चाचपडत, त्यांनी ते महिनाभर केलं. माझ्या सगळ्या नोकरीत ध्वनीचा धडा इतका नीट कधी शिकवला गेला नाही.

डोळ्यांचंही तसंच. उजेडातून आलेल्या माणसाला अंधारात पुरतं दिसायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकानं काडी ओढली की गच्चीवरचे सगळे पुन्हा आंधळे. म्हणून बॅटरीला लाल कापड बांधलं आणि विडीला वर बंदी घातली. अंधूक वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघितलं तर ती जास्त नीट दिसते, हे पोरांना खरं वाटत नव्हतं. कृत्तिकांचे तारे मोजून बघा म्हटलं, मग पटलं. दिवे बंद करून जाणारं विमान दिसत नाही, पण ते ताऱ्यांवरून जाताना तारे क्षणभर झाकले जातात. त्यासाठी कुठला तारा कुठं आहे ते पाठ हवं. शुक्र नुकताच संध्याकाळी पश्चिमेला दिसायला लागला होता. पहिल्या काही दिवसांत तो विमानाचा दिवा म्हणून खाली कळवला गेला. व्याधाचा तारा क्षितिजावर लुकलुकताना लाल-हिरवा दिसतो, त्यालाही लोक फसले. मग प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आम्ही आधी आकाश वाचून घ्यायला लागलो. मृग कुठं, कृत्तिका कुठं, शुक्र मावळला का. ओळखीचं सगळं मोजून झालं की अनोळखी आपोआप वेगळं पडतं.

कानांचा अभ्यास याहून अवघड. निफाड तालुक्यातली थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे लांबचे आवाज खाली वळून येतात. निफाडकडच्या रेल्वेची शिट्टी, आग्रा रोडवर चढ चढणारा ट्रक, मळ्यातलं ऑइल इंजिन, सगळं जवळ ऐकू येई. त्यातलं इंजिन सगळ्यांत फसवं. एकाच ठोक्याचा आवाज वाऱ्याबरोबर वाढतो, कमी होतो आणि लांबून विमान येतंय असं वाटतं. या बाबतीत आम्हा शिक्षकांपेक्षा शेतकरी कितीतरी पुढं होते. कुणाच्या विहिरीवरचं इंजिन कुठलं हे त्यांना आवाजावरून कळे. कणसात दाणे भरले की माळ्यावर जागल करणारा माणूस रानडुकराची चाहूल जशी टिपतो, तसेच ते वर बसत. बोलत नसत, हलत नसत. ओझरच्या शेजारानं मिगचा आवाज तर गावातल्या म्हाताऱ्या बायकांनाही पाठ होता.

थंडीचं आणखी एक दुखणं म्हणजे शेकोटी करायची नाही. दोन घोंगड्या, डोक्याला मफलर, आणि पाळी बदलताना शेजारच्या घरातल्या वहिनी झाकून आणत तो चहा. त्यांचं स्वयंपाकघर आतल्या बाजूला होतं, दाराला गोणपाटाचे दोन पडदे लावून त्या रात्री चूल पेटवत.

आता अंधाराविषयी. लोकांना ब्लॅकआउट म्हणजे दिवे घालवणं एवढंच आठवतं. गावात ते जमलंही लवकर. काचांना काळे-तपकिरी कागद लागले, मोटारींच्या दिव्यांचे वरचे अर्धे भाग काळे झाले, बैलगाडीच्या खाली टांगलेला कंदील बंद झाला. घरोघर जाऊन सांगायचं काम बायकांनी केलं आणि ते पुरुषांपेक्षा चांगलं झालं, कारण त्या सरळ माजघरापर्यंत जाऊ शकत. पण गच्चीवरून पाहिल्यावर कळलं की गाव अंधारलं तरी शिवार पेटलेलंच आहे. हंगाम उसाचा होता आणि गुऱ्हाळं चालू होती. चुल्हाणाच्या तोंडातून चिपाडाचा जाळ भकाभका बाहेर येई. काळोखात तो मैलोगणती दिसे.

एका गुऱ्हाळावर मी आणि आबा गेलो. मालक हात जोडून म्हणाला, "मास्तर, काहिलीत रस अर्धा आटलाय. आता जाळ काढला तर सगळा नासून जाईन. दिवसाचं वीज नसती, चरक रात्रीच चालतो. मी काय करू?" त्याचं चुकत नव्हतं. जाळ बंद करा म्हणून हुकूम सोडणं सोपं होतं, त्याचं वर्षाचं उत्पन्न मात्र त्या काहिलीत होतं. शेवटी आबांनी तोड काढली. चुल्हाणाच्या तोंडापुढं पत्रे उभे करून आडोसा केला, वर पाचटाचं छप्पर होतं ते पुढं वाढवलं आणि त्याला आगीपासून जपायला पाण्याची पिंपं भरून ठेवली. भोंगा झाला तर नवीन चिपाड टाकायचं नाही, असं ठरलं. मी चालत लांब जाऊन पाहिलं, उजेड जवळजवळ नाहीसा झाला होता. मग गुळव्यांनीच पुढच्या गुऱ्हाळांना ही युक्ती सांगितली. वीटभट्ट्यांचं मात्र काही करता आलं नाही, लागलेली भट्टी विझवता येत नाही. त्या कुठं आहेत एवढं वहीत लिहून ठेवलं.

चंद्राचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. २ डिसेंबरला पौर्णिमा झाली, दत्तजयंतीची. म्हणजे लढाईच्या पहिल्या रात्री गाव पूर्ण काळोखात आणि वर टिपूर चांदणं. शाळेची कौलं, बाजारपेठ, नदीचं पाणी, सगळं गच्चीवरून स्पष्ट दिसत होतं. मग वैमानिकाला काय दिसत नसेल? ज्या रात्री आमच्या लोकांना अंधारानं धीर दिला, त्याच रात्री तो अंधार सगळ्यांत कुचकामी होता. रोज चंद्र उशिरा उगवत गेला आणि दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळ खरोखर काळी व्हायला लागली. अमावास्या आली १७ तारखेला. मी पंचांग पाहून चंद्रोदयाच्या वेळा वहीत लिहिल्या आणि जास्त डोळ्यांची पाळी कधी, जास्त कानांची कधी, हे त्यावरून ठरायला लागलं.

सूचना वरून येई ती रंगांत. पिवळी म्हणजे शक्यता आहे, ती गावाला सांगायची नाही, फक्त आपण तयार राहायचं. लाल म्हणजे भोंगा, खालीवर होणारा. मग हिरवी, विमानं निघून गेली, भोंगा एका सुरात. पांढरी म्हणजे सगळं रद्द. आमचा भोंगा हातानं फिरवायचा होता आणि त्याला जोर लागे. खालीवर सूर काढणं तर आणखी अवघड, थकलेला माणूस एकाच सुरात फिरवतो आणि धोक्याच्या जागी सुटकेचा इशारा जातो. म्हणून तिथं जोडी असे. सरहद्दीवर हवाई दलाच्या निरीक्षण तुकड्या बिनतारी यंत्रं घेऊन बसलेल्या असत, रडार होती. आमची राखण त्यांच्या मागची होती. रडार वर उंच उडणारं चांगलं पकडतं, डोंगरांच्या आडून खालून येणारं निसटू शकतं. तिथं माणसाचे डोळे-कान लागतात. १९४० साली इंग्लंडवर जर्मन विमानं येत तेव्हाही हेच होतं. त्यांचं रडार समुद्राकडं तोंड करून होतं. विमान किनारा ओलांडून आत आलं की पुढं त्याचा माग ठेवायचा तो शेतांतल्या ठाण्यांवर बसलेल्या नागरिकांनी. आबांना हे ठाऊक होतं आणि ते पोरांना अभिमानानं सांगत.

एक रात्र विसरत नाही. चंद्र अजून उगवला नव्हता. पाळीवर मी, एक कांदा पिकवणारे नाना आणि अकरावीतला एक मुलगा. नानांनी हात वर केला. मला काहीच ऐकू आलं नाही. मग वणीच्या बाजूनं खूप खालच्या सुरातला, अखंड घुमणारा आवाज आला. मिग नव्हे, रोज मुंबईहून पूर्वेला जाणारं प्रवासी विमानही नव्हे. मुलगा आवाजाच्या पुढची जागा शोधत होता. "सर, मृगातला तारा गेला. आला परत." नंतर खालचा आणखी एक गेला. दिवे नाहीत. मी ओरडून सांगितलं: एक विमान, दिवे बंद, वणीकडून ओझरच्या दिशेला, मध्यम उंची, वेळ. खालच्या माणसानं एक्स्चेंजला गाठलं, पुढं जोडून मिळालं, माहिती गेली. पलीकडून एकच शब्द आला, "कळलं". भोंगा वाजवायचा हुकूम आला नाही. आवाज दक्षिणेकडे विरत गेला.

ते विमान कुणाचं होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही. बहुधा आपलंच असणार, कारण ओझरवर काही पडलं नाही. सकाळी मुलगा अस्वस्थ होता, त्याला उत्तर हवं होतं. आबांनी त्याला वही दाखवली. वेळ, दिशा, उंची, तिघांच्या सह्या. "तू जे पाहिलंस ते पोचलं. तुझं काम इथवर."

या वहीनं आणखी एक मोठं काम केलं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. अफवा फार होत्या. छत्रीधारी उतरले, कुणी बॅटरीनं खुणा करतंय, विहिरीत विष टाकलंय. एका संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं काठ्या घेऊन निघाली. गावाबाहेर मेंढपाळांचा वाडा उतरला होता आणि त्यांची आग विमानाला खूण देते, असं कुणीतरी पसरवलं होतं. परगावची माणसं, बोली वेगळी, एवढं पुरे झालं होतं. आबा वाटेतच आडवे झाले. मी वही उघडून वाचून दाखवलं. त्या ठिकाणची आग आमच्या नोंदीत नोव्हेंबरच्या तालमीपासून होती, रोज त्याच जागी, स्वयंपाकाच्या वेळी, आणि आम्ही जाऊन सांगितल्यापासून ती अंधार पडायच्या आत विझत होती. गेल्या रात्री तिथं उजेड नव्हता, तशी नोंद होती. गर्दी कुरकुरत परत फिरली. त्या वाड्यात लहान पोरं होती. वही नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला सहन होत नाही.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, १७ तारखेच्या रात्री आठ वाजता पश्चिमेकडची लढाई थांबली. आमच्या गावावर एकही बॉम्ब पडला नाही. म्हणून ती राखण फुकट गेली असं म्हणणारे तेव्हाही होते. आग्रा सरहद्दीपासून किती आत आहे ते त्यांनी पाहावं. तिथं बॉम्ब पडल्यावर ताजमहालसुद्धा कापडानं झाकावा लागला होता. बी-५७ ला आम्ही काही अप्राप्य नव्हतो.

गेल्या वर्षी, म्हणजे ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. महाराष्ट्रातल्या सोळा ठिकाणांत नाशिक, मनमाड आणि सिन्नरची नावं होती. तरुण मंडळी मला विचारायला आली: आता उपग्रह आहेत, रडार आहेत, गच्चीवर कोण बसणार? मी त्यांना युक्रेनचं सांगितलं. तिथं २०२२ पासून साध्या माणसांच्या मोबाइलवर एक सोय आहे. ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दिसलं वा ऐकलं की फोन त्या दिशेला धरून बटण दाबायचं, जागा आणि दिशा थेट हवाई संरक्षणाकडे जाते. शिवाय खांबांवर हजारो मायक्रोफोन लावून ड्रोनचा आवाज पकडला जातो. कमी उंचीवरून हळू येणारं छोटं ड्रोन रडारला अवघड जातं, आणि त्याच मे महिन्यात आपल्या सरहद्दीवरच्या गावांनी एका रात्रीत शेकडो ड्रोन पाहिले. सामान्य माणसाचा कान पुन्हा कामाला आला आहे.

आपल्याकडे भोंग्याची तालीम होते, पळायचं कसं ते शिकवलं जातं. पाहिलेलं सांगायचं कसं हे कुणी शिकवत नाही. उलट फोनवर चित्रण करून गावभर पाठवलं जातं, "हल्ला झाला" म्हणून. यात बदल व्हायला हवा असं मी त्या दिवशी आलेल्या अधिकाऱ्यांनाही सांगितलं. ज्यांना शिकायचंय अशी आमच्या गल्लीतली सहा-सात पोरं-पोरी आता रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येतात. आधी दिशा. धोडप दाखवा, गड दाखवा, चांदवड दाखवा. मग मोबाइल खिशात ठेवून डोळे मिटायचे आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुठला, किती लांब, कुठं चाललाय ते एकेकानं वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात त्यांना चार-पाच आवाज सापडले. आता पानं भरतात.